दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा आणि सामान्यज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कोण होणार करोडपती’सारख्या कार्यक्रमांची तयारी करणारे स्पर्धक आणि घरी बसून स्पर्धकाच्या आधी उत्तर सांगणारे प्रेक्षक या दोघांच्याही शंका बहुतांशी सारख्याच असतात. त्यांतील बऱ्याच शंकांचे मूळ एका ठिकाणी सापडते: माहिती पाठ असते, पण ती नेमकी कोणत्या मर्यादेपर्यंत खरी आहे हे तपासलेले नसते. प्रश्नकर्ते नेमके त्या मर्यादेवरच बोट ठेवतात, म्हणून पुढील उत्तरांत तिच्याकडे विशेष लक्ष दिले आहे.

या कार्यक्रमांचा उगम कुठला आणि मराठीत ते केव्हा आले?

चार पर्याय, चढत्या रकमा आणि लाइफलाइन असा आज परिचित असलेला साचा ब्रिटनमध्ये तयार झाला आणि तेथील पहिला कार्यक्रम ४ सप्टेंबर १९९८ रोजी प्रसारित झाला. त्याचा हिंदी अवतार ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी अमिताभ बच्चन यांच्या सूत्रसंचालनाने सुरू झाला. मराठीत २०१३ साली ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने सचिन खेडेकर यांनी हा खेळ आणला. पुढे स्वप्नील जोशी आणि २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ या बदललेल्या नावाखाली नागराज मंजुळे यांनी सूत्रे सांभाळली, आणि त्यानंतर ती पुन्हा खेडेकरांकडे आली.

मात्र भारतात प्रश्नमंजूषा २००० साली जन्मली असे समजणे चूक ठरेल. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ १९७२ पासून रेडिओवर गाजत होती, आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला. हेच बसू पुढे ‘करोडपती’च्या पडद्यामागचे प्रमुख सूत्रधार झाले. फरक असा, की जुन्या स्पर्धा शाळा-महाविद्यालयांतील निवडक चमूंच्या होत्या. नव्या साच्याने पर्याय समोर ठेवले आणि ज्याने कधी प्रश्नमंजूषेचे नावही ऐकले नव्हते अशा माणसाला खुर्चीत बसवले.

भारतात पहिल्यांदा एक कोटी रुपये मिळवून देणारा प्रश्न कोणता होता?

२००० साली मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांना विचारलेला तो प्रश्न राज्यघटनेवरचा होता. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटनेने यांपैकी कोणाला दिली आहे, असे विचारून महान्यायवादी, महान्यायअभिकर्ता, मंत्रिमंडळ सचिव आणि सरन्यायाधीश हे पर्याय दिले होते. बरोबर उत्तर महान्यायवादी. घटनेच्या अनुच्छेद ८८ प्रमाणे ते दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, परंतु मतदान करू शकत नाहीत.

हा प्रश्न आजही आदर्श म्हणून दाखवावा असा आहे. त्यात कोणतीही दुर्मिळ तारीख नाही आणि पाठांतराने सुटावे असेही काही नाही. चारही पदे वर्तमानपत्रात रोज दिसणारी आहेत, पण त्यांच्यातील नेमका भेद ज्याने समजून घेतला आहे त्यालाच ठामपणे उत्तर देता येते.

‘पहिला’ किंवा ‘पहिली’ कोण, या प्रश्नांत इतके वाद का होतात?

कारण ‘पहिला’ या विशेषणापुढे कोणती अट लावली आहे यावर उत्तर बदलते, आणि ती अट ऐकण्याआधीच स्पर्धकाचे बोट बटणावर गेलेले असते.

रेल्वेचे उदाहरण घ्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर तोडणारी गाडी ही भारतातील पहिली सार्वजनिक प्रवासी गाडी होय. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावे होती. परंतु मद्रासजवळ रेड हिल येथे दगड वाहण्यासाठी १८३७ मध्येच रूळ टाकले गेले होते, आणि रुरकीजवळ सोलानी जलसेतूच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन धावत होते. प्रश्नात ‘प्रवासी’ हा शब्द नसेल तर ठाण्याचे उत्तर वादग्रस्त ठरते.

चित्रपटाच्या बाबतीत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला, आणि पहिला भारतीय पूर्ण लांबीचा कथापट हा मान त्याचा आहे. त्याच चित्रगृहात जवळजवळ एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. तो मुख्यतः एका नाटकाचे चित्रीकरण होता, छायालेखक इंग्रज होता आणि फितीवरील प्रक्रिया लंडनला झाली, या कारणांनी अभ्यासक त्याला सहसा तो मान देत नाहीत. प्रश्नकर्त्याने येथे अत्यंत काटेकोर राहायला हवे असे आमचे मत आहे, कारण दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे बरेच आहे.

ऑलिंपिकमधील वैयक्तिक पदकाविषयी सर्वाधिक पत्रे येतात. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक ठरले. ‘स्वतंत्र’ हा शब्द गाळला, तर १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदके जिंकणारे, कलकत्त्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड पुढे येतात. ‘महिला’ म्हटले तर उत्तर कर्णम मल्लेश्वरी, सिडनी २०००. ‘सुवर्ण’ म्हटले तर अभिनव बिंद्रा, बीजिंग २००८. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी २०२४ उजाडावे लागले, जेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक पटकावले.

डॉक्टरांच्या प्रश्नात अट आणखी नाजूक आहे. आनंदीबाई जोशी यांनी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, परंतु मायदेशी परतल्यावर प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच १८८६ साली कादंबिनी गांगुली यांनी कलकत्ता मेडिकल कॉलेजातील शिक्षण पूर्ण केले आणि पुढे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. सूरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. रखमाबाई यांचे नावही याच संदर्भात येते. म्हणून पदवी आणि व्यवसाय यांची गल्लत करणारा प्रश्न सदोष मानावा.

उरलेल्या जोड्या थोडक्यात सांगता येतील. स्वतंत्र भारताचे पहिले गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन, तर त्या पदावरील पहिले आणि अखेरचे भारतीय चक्रवर्ती राजगोपालाचारी. नोबेल मिळवणारे पहिले भारतीय रवींद्रनाथ टागोर, १९१३, परंतु भारतात जन्मलेले पहिले नोबेल विजेते अल्मोड्याचे रोनाल्ड रॉस, १९०२. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांना १९०७ मध्ये, म्हणजे टागोरांच्याही आधी, साहित्याचे नोबेल मिळाले होते.

हॉकी हा राष्ट्रीय खेळ आणि हिंदी ही राष्ट्रभाषा, हे शाळेत शिकवलेले चुकीचे कसे?

कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृतपणे घोषित केलेले नाही, असे केंद्र सरकारने २०१२ मध्ये माहिती अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर देताना स्पष्ट केले. हॉकीतील सुवर्णपदकांच्या मालिकेमुळे तो समज रूढ झाला, एवढेच. भाषेबाबत घटनेचा अनुच्छेद ३४३ देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरवतो, तर ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. गोव्यात १९८७ च्या कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा आहे आणि मराठीचा वापरही शासकीय कामासाठी करता येतो, ही तरतूद गोव्यावरील प्रश्नांत हमखास डोकावते.

अवकाशातून उघड्या डोळ्यांनी चीनची भिंत दिसते, हाही असाच चिवट समज. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ मधील उड्डाणानंतर आपल्याला ती दिसली नसल्याचे सांगितले होते.

चुकीचे पर्याय कसे निवडले जातात?

चांगला चुकीचा पर्याय तोच, जो अर्धवट आठवणाऱ्याला बरोबर वाटतो. मराठी साहित्यिकांची टोपणनावे हे त्यासाठी तयार शेत आहे. कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर, पण गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, आणि तेच गडकरी विनोदी लेखनात ‘बाळकराम’ होतात. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, तर केशवकुमार म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे, म्हणजे दोघांच्याही वडिलांचे नाव केशव. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर, आणि माधव ज्यूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. एका ‘त्र्यंबक’वर तीन पर्याय बेतता येतात. अशा जागा एकेकट्या पाठ करण्यापेक्षा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर पर्याय पाहिल्यावर मन डळमळत नाही.

पर्याय लिहिताना भाषेचे भानही हवे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’मधील एका प्रश्नात इतर राजांच्या नावांपुढे उपाधी असताना छत्रपती शिवाजी महाराजांचा उल्लेख मात्र एकेरी नावाने झाला, त्यावर महाराष्ट्रात तीव्र संताप उमटला आणि वाहिनीला खेद व्यक्त करावा लागला. उत्तर बरोबर होते, पण प्रश्नाचे संपादन नीट झालेले नव्हते.

पाठ्यपुस्तकातील उत्तर आणि आजचे उत्तर वेगळे असेल तर कोणते द्यावे?

आजचे द्यावे. प्रश्न ज्या दिवशी विचारला गेला त्या दिवसाची अधिकृत स्थिती ग्राह्य धरली जाते, आणि म्हणूनच जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांवर विसंबणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्र १ मे १९६० रोजी स्थापन झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर अस्तित्वात आल्यावर त्यांची संख्या ३६ झाली. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही नावे आता अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर अशी आहेत. देशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. २०१९ पूर्वीच्या पुस्तकात २९ आणि ७ सापडतील.

भूगोलाचे आकडे स्थिर असतात असा समज असतो, पण तेही हलतात. एव्हरेस्टची उंची डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी संयुक्तपणे ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. भारताच्या किनारपट्टीची लांबी अनेक दशके ७,५१६.६ किलोमीटर अशी शिकवली गेली, आणि अलीकडच्या फेरमोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. समुद्र काही पुढे आलेला नाही. अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशावर खाड्या, आखाते आणि वळणे मोजली गेली, त्यामुळे लांबी वाढली. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब. आमच्या दृष्टीने हा अलीकडच्या काळातील सर्वांत रसाळ प्रश्न आहे, कारण त्यात आकड्यापेक्षा कारण विचारण्यासारखे आहे.

खगोलशास्त्रात प्लूटोचे ग्रहपद ऑगस्ट २००६ मध्ये गेले हे सर्वांना ठाऊक असते. सर्वाधिक चंद्र कोणाचे, हे मात्र अनेकांचे अजून गुरूवरच अडलेले असते. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाल्यानंतर शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ झाली.

महाराष्ट्रावरील कोणत्या गोष्टी हमखास विचारल्या जातात?

राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा ही यादी शाळेतच पाठ होते. त्यापुढची भर मात्र सुटते. राज्य फुलपाखरू ‘ब्लू मॉर्मन’, आणि २०२३ पासून राज्यगीत ‘जय जय महाराष्ट्र माझा’, ज्याचे गीतकार राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे आणि गायक शाहीर साबळे. सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लोणारचे सरोवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले आहे.

ज्ञानपीठाचे मराठी मानकरी चार: वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबर, कारण १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो आणि १ मे रोजी मराठी राजभाषा दिन. या दोन दिवसांची अदलाबदल वृत्तपत्रेसुद्धा करतात. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला.

तयारीसाठी काय वाचावे?

फक्त प्रश्नोत्तरांची जाड पुस्तके वाचून फारसे साधत नाही, कारण त्यांत उत्तर असते पण संदर्भ नसतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता विनामूल्य ऑनलाइन वाचता येतो. एक नोंद वाचून तिच्यातून दुसऱ्या नोंदीकडे जाण्याची सवय लावली, की माहितीचे धागे आपोआप जुळतात. पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश पुराणे, सणवार आणि तीर्थक्षेत्रांसाठी आजही उपयोगी पडतो. बालभारतीची पाचवी ते दहावीची इतिहास, भूगोल आणि विज्ञानाची पुस्तके मोठ्या माणसांनी पुन्हा वाचावीत, हा सल्ला ऐकून अनेक जण हसतात, तरी सुरुवातीच्या दहा प्रश्नांसाठी त्याहून चांगले साधन नाही. रोजचे एक वर्तमानपत्र, तेही क्रीडापानासह, वाचावे.

लाइफलाइन केव्हा वापरावी आणि खेळ केव्हा सोडावा?

प्रेक्षकांचे मत हे बहुसंख्यांना ठाऊक असलेल्या विषयांवर, म्हणजे चित्रपट, क्रिकेट, सणवार यांवर, उपयोगी पडते. घटनेतील अनुच्छेदावर किंवा परदेशी इतिहासावर तेच मत दिशाभूल करू शकते, म्हणून ती लाइफलाइन शेवटपर्यंत जपून ठेवण्यात शहाणपणा नाही. अमेरिकेत १९९९ साली जॉन कार्पेंटर यांनी अखेरच्या प्रश्नावर वडिलांना फोन केला तो मदत मागण्यासाठी नव्हे, तर आपण जिंकणार आहोत हे कळवण्यासाठी. इतका आत्मविश्वास नसेल, तर फोनवरच्या माणसाला प्रश्न आणि पर्याय सलग, न थांबता वाचून दाखवण्याचा सराव घरी करावा.

सोडण्याचा निर्णय मात्र गणिताने घ्यावा. समजा, ५० लाख हाती आहेत, पुढचा प्रश्न १ कोटीचा आहे आणि चुकल्यास ३ लाख २० हजारांच्या पडावावर खाली यावे लागते. अशा वेळी उत्तर बरोबर असण्याची शक्यता सुमारे ४८ टक्क्यांहून अधिक असेल तरच सरासरीने पुढे जाणे फायद्याचे ठरते. चार पर्यायांपैकी एकही कटत नसेल तर ती शक्यता २५ टक्के, म्हणजे खेळ सोडावा. दोनच पर्याय उरले असतील तर गणित जेमतेम खेळण्याच्या बाजूने झुकते, पण जिच्या घरावर कर्ज आहे अशा व्यक्तीने सरासरीकडे पाहू नये. ५० लाख घेऊन उठावे.

प्रश्न आधीच सांगितलेले असतात का?

ही शंका निराधार म्हणून झटकता येत नाही, कारण इतिहासात असे घडले आहे. अमेरिकेतील ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात लाडक्या स्पर्धकाला उत्तरे पुरवली जात होती आणि प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम चुकायला सांगितले जात होते. लोकप्रिय विजेते चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ते मान्य केले आणि १९६० मध्ये अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. ब्रिटनमध्ये २००१ साली मेजर चार्ल्स इंग्रम यांनी दहा लाख पौंड जिंकले, परंतु साथीदारांच्या खोकण्याच्या इशाऱ्यांवरून उत्तरे दिल्याच्या आरोपात २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पहिल्या प्रकरणात फसवणूक निर्मात्यांची होती, दुसऱ्यात स्पर्धकाची, आणि आजच्या स्टुडिओतील बंधने या दोन्ही अनुभवांतून आली आहेत.

एक कोटी जिंकल्यावर हातात किती येतात?

अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर लागतो. त्यातून कोणताही खर्च वजा करता येत नाही आणि मूळ करमुक्त मर्यादेचा लाभही मिळत नाही. वर्षात दुसरे काहीच उत्पन्न नाही असे धरले, तर ३० लाखांच्या करावर १० टक्के अधिभार आणि त्या बेरजेवर ४ टक्के उपकर मिळून ३४ लाख ३२ हजार रुपये होतात, म्हणजे हातात ६५ लाख ६८ हजार उरतात. वाहिनी रक्कम देतानाच कर कापून घेते, उरलेला अधिभार आणि उपकर विवरणपत्र भरताना स्वतः भरावा लागतो, याचा अनेकांना विसर पडतो.

‘आपण २५ लाखांची लॉटरी जिंकली आहे’ असा संदेश आला तर?

तो खोटा आहे. खुर्चीत न बसलेल्या व्यक्तीला फोन क्रमांकाच्या सोडतीवरून असे बक्षीस कोणताही अधिकृत कार्यक्रम कळवत नाही, आणि बक्षीस देण्याआधी ‘प्रक्रिया शुल्क’ किंवा ‘कर’ म्हणून पैसे मागत नाही. बँकेचा तपशील आणि ओटीपी देऊ नये. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.